करंजपाड्याच्या घंटेबाबत माझी अखेरची व्यवस्था

या लेखाने मला एकच विधान सिद्ध करायचे आहे. शाळेचे ध्येय भिंतीवरच्या अक्षरांनी जिवंत राहत नाही, वार्षिक अहवालाने राहत नाही आणि फाटकाच्या कुलपाने तर नाहीच. ते राहते शाळेच्या रोजच्या सवयींत, आणि त्या सवयींची किंमत शाळेचा प्रमुख स्वतः मोजतो तोपर्यंतच. प्रमुखाने स्वतःला नियमातून वगळले की ध्येय मरते. माझ्या मालमत्तेची विभागणी या विधानाला धरून केली आहे; म्हणून आधी विधान, मग विभागणी.

मी, नलिनी विष्णू चुरी, वय शहात्तर, अविवाहित, राहणार नरपड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, करंजपाडा शिक्षण मंडळाची संस्थापक व आजतागायत अध्यक्ष, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही सांगण्यावाचून लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. दाखल्यावर ज्यांचा विश्वास नसेल त्यांनी पुढील युक्तिवादातील दोष दाखवावा. मी तर्कशास्त्र शिकवले आहे आणि वकिलीची पदवी घेतली आहे; वकिली केली नाही, कारण पैसे घेऊन दोन्ही बाजू मांडणे मला जमले नसते. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. नरपड येथील घर आणि त्यामागची चिकूची वाडी माझा भाचा धनेश यास द्यावी. हे बक्षीस नव्हे. ते घर त्याच्या आजोबांनी बांधले, वाडीतली कलमे त्याच्या आईने लावली; न्यायाने ते त्याचेच आहे. धनेश मंडळाचा सचिव आहे. गेल्या वर्षीच्या घटनेनंतर त्याने शाळेसाठी लोखंडी फाटक बसवले आणि वेताच्या छड्या आणवल्या. त्या छड्या कार्यालयाच्या कपाटात आहेत. त्याही मी त्यालाच देते. वाडीतल्या वेलींना आधार म्हणून त्या चांगल्या उपयोगी पडतील.

कलम २. तलासरी तालुक्यातील करंजपाडा येथील शाळेची जमीन, गवताच्या जुन्या वखारीसह. ही जमीन धनेशला मिळणार नाही, मंडळालाही मिळणार नाही. ती कोणाला व का, हे सांगण्याआधी ती माझ्याकडे कशी आली ते सांगणे भाग आहे.

माझ्या आईचे वडील गवताचे व्यापारी होते. डोंगरातले गवत कापून, गठ्ठे बांधून ते मुंबईच्या तबेल्यांना पाठवीत. कापणारे करंजपाड्याचे. वखारीच्या मागे एक सागवानी खांब आहे. जो मजूर कामावर आला नाही त्याला त्या खांबाला बांधून आजोबांचा मुकादम चाबकाने मारीत असे. खांबावर माणसाच्या मनगटाच्या उंचीला दोरीने पडलेली खाच अजून आहे. लहानपणी ती मला बैल बांधण्याची वाटली होती. आईने सांगितले, बैलाला एवढ्या वर कोणी बांधत नाही.

वारसाने जमीन माझ्याकडे आली तेव्हा मी त्या वखारीत शाळा सुरू केली. पहिल्याच वर्षी आमच्या एका शिक्षकाने हाल्या नावाच्या मुलाला खडू चोरला म्हणून कानशिलात मारली. हाल्याच्या कानातून रक्त आले आणि तो कान कायमचा गेला. खडू त्या शिक्षकाच्या स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात सापडला. संध्याकाळी हाल्याचा बाप कोयता घेऊन आला. शिक्षक माझ्या मागे लपला होता. मी त्या बापाला विचारले, "कोणाला मारायचे आणि कशासाठी, एवढे सांग, मग मी बाजूला होते." त्याने सांगितले. सांगता सांगता तो खाली बसला आणि रडला. मी बाजूला झाले नाही, शिक्षकाला मात्र त्याच रात्रीच्या एसटीने परत पाठवले.

त्या दिवशी शाळेचे ध्येय ठरले: आधी विचारायचे, विचारल्याशिवाय हात उचलायचा नाही. हे वाक्य तेव्हा कुठेही लिहिले नाही. त्याऐवजी सवय लावली. रोज परिपाठाला एका मुलाने उभे राहून समोरच्या मोठ्या माणसाला एक प्रश्न विचारायचा आणि त्या माणसाने त्याच दिवशी, त्याच जागी उत्तर द्यायचे. उत्तर येत नसेल तर "येत नाही" म्हणायचे. पाहुणे आले तरी सुटका नाही. एका शिक्षणाधिकाऱ्यांना एका मुलीने, तुम्ही जेवायला कोंबडी मागितली ती कोणाच्या पैशाची, असे विचारले होते. त्यांनी उत्तर दिले, मग त्या दिवशी डाळभात खाल्ला. दुसरी सवय फाटकाची. शाळेला फाटक लावले नाही, फक्त दोन खांब. धाकाने किंवा भुकेने जो आत येईल त्याला आधी बसवायचे, मग काय ते विचारायचे.

कलम ३. घंटा. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आणि तो वाजवायचा हातोडा. तो त्याच सागवानी खांबाला टांगलेला आहे. आजोबांच्या खांबाला शाळेची घंटा टांगून मी जुने पाप धुतले, असे मला वाटत असे. तर्कशास्त्राच्या माणसाने प्रतीकांवर विसंबू नये.

शाळेच्या वसतिगृहाचे छप्पर पेंढ्याचे होते. एका उन्हाळ्यात त्याला आग लागली. घंटा वाजवली, पाड्यातली माणसे बांधावर आली आणि तिथेच उभी राहून एकमेकांना विचारीत बसली: कोणाचे घर, कुठल्या बाजूला, खरेच आग की गवत जाळतात. आमचीच शिकवण. तेवढ्या वेळात छप्पर खाली बसले. शुक्री नावाची मुलगी आत होती. तिला बाहेर काढले तेव्हा तिच्या हातात दुसऱ्या मुलीची वेणी घट्ट धरलेली होती. ती दुसरी मुलगी वाचली. तिचे नाव सरिता.

त्यानंतर मी नवा नियम केला. घंटा न थांबता वाजत राहिली तर हातात असेल ते घेऊन धावायचे; विचारायचे नाही. दर वर्षी, शुक्री गेली त्या दिवशी, त्याची तालीम घेतली. सारा पाडा धावत येई, म्हातारेही. मला अभिमान वाटे. एकाच शाळेत दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध उभे होते. एक म्हणत होता आधी विचारा, दुसरा म्हणत होता विचारू नका. पहिला मुले परिपाठापुरता पाळत, दुसरा पायांनी पाळत. हे मला दिसायला हवे होते. याहून सोप्या विसंगतीसाठी मी विद्यार्थ्यांना नापास केले आहे.

सन २०१४ मध्ये मी मुख्याध्यापकपद सरितास दिले. तीच सरिता, आता सरिता लडक्या धोडी. त्याच वर्षी धनेशच्या आग्रहाने भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिले गेले: आधी विचार, मग हात. सरिता म्हणाली, "बाई, भिंतीवर लिहिलं की पोरांना वाटतं ते भिंतीचं काम हाय." मी हसले आणि लिहू दिले.

कलम ४. बँकेतील माझी सर्व ठेव संगिता हिला द्यावी. ती जालन्याकडची. तिचा नवरा दिपक केसांच्या बदल्यात स्टीलची भांडी देत फिरत असे. बायका विंचरताना गळलेले केस साठवतात, ते घेऊन डबा किंवा वाटी द्यायची, असा धंदा. पत्ता ॲड. निलम राऊत यांच्याकडे आहे. ही ठेव नुकसानभरपाई नव्हे, कारण नुकसान भरून येणार नाही. ती का, हे पुढे आहे.

सन २०१८ च्या जुलैत फोनांवर निरोप फिरत होते की मुले पळवणारी टोळी आली आहे. शेतात चिखलणी चालली होती, सर्व पुरुष फावडी आणि कोयते घेऊन बांधांवर होते. दुपारी दिपक आणि संगिता शाळेच्या दोन खांबांमधून धावत आत आले. त्यांच्या मागे दोन मोटारसायकली, चार माणसे, चौघेही परगावचे, हातात दांडके. सरिताने नियमाप्रमाणे नवरा-बायकोला कार्यालयात बसवले, पाणी दिले आणि स्वतः दारात उभी राहिली.

ते तिला म्हणाले, बाजूला हो, हे पोरे पळवतात. ती म्हणाली, "कुठलं पोर गेलं? नाव सांगा. आईबापाचं नाव सांगा. मी आत्ता सोबत येते त्यांच्याकडे." एकाने शेजारच्या गावाचे नाव घेतले. तिने विचारले, त्या गावात कोणाचे? तो म्हणाला, तसे ऐकले आहे. मग एक जण चिडून दांडके उगारून पुढे आला. ती हलली नाही. "मला मारा, पन नाव सांगून मारा," असे ती म्हणाली, आणि ते दांडके अर्ध्यावर थांबले. मी त्या दिवशी शाळेतच होते; खिडकीच्या अंतरावरून हे पाहिले आहे. आणखी थोडा वेळ मिळता तर ते चौघे शिव्या देत परत गेले असते, असे माझे मत आहे. आणि माझे मत मी पुराव्याशिवाय बनवत नाही.

तेवढ्यात घंटा वाजू लागली. थांबेना.

पाडा धावला. जसा शिकवला होता तसा, हातात असेल ते घेऊन, न विचारता. चिखलाने माखलेली माणसे दोन खांबांमधून आत आली. त्या चौघांना फक्त एवढेच ओरडावे लागले की पोरे पळवणारे आत आहेत. कोणी ढकलले ते सांगता येणार नाही, पण सरिता दारातून आत पडली आणि टेबल तिच्या हातावर आले. दिपकची पिशवी फाटली. तिच्यातून केस बाहेर पडले, काळे, लांब, गुंतलेले. ते पाहून एका बाईने किंकाळी फोडली. त्यानंतर माणसे माणसे राहिली नाहीत.

पहिला घाव काकड्याचा. काकड्या वरठा, माझा सर्वांत हुशार विद्यार्थी. वादविवादात त्याने तालुक्याच्या शाळांना गप्प केले होते. त्याच्या फावड्याचे पाते दिपकच्या कानाच्या वर बसले. दिपक गुडघ्यांवर आला आणि हात जोडून काही बोलू लागला. दुसऱ्या घावाने जबडा निखळला, त्यामुळे तो काय बोलत होता ते कोणाला कळले नाही. मग काठ्या, दगड, फावड्यांचे दांडे. बारकी आमची खिचडी शिजवते. तिच्या हातात ढवळण्याचा लोखंडी डाव होता, त्याला गरम खिचडी चिकटलेली होती. तिनेही तो मारला. दिपकला ओढत बाहेर आणले आणि भिंतीपाशी टाकले, त्या निळ्या अक्षरांखाली. मी मागच्या बाजूने पुढे आले तेव्हा त्याचा चेहरा चेहऱ्यासारखा नव्हता. मी "थांबा" म्हणाले. पुन्हा पुन्हा म्हणाले. त्या पाड्याला मी धावायला शिकवले होते, थांबायला कधी शिकवले नव्हते.

आत संगितावर सरिता पालथी पडली होती. एक हात मोडून लोंबत होता. संगिताचा डावा डोळा तोवर गेला होता. काकड्या फावडे वर धरून त्या दोघींवर उभा होता. सरिताने मान वळवून त्याला विचारले, "काकड्या, कुठलं पोर?"

फावडे वरच राहिले. मग तिने पडल्या जागेवरून हजेरी घ्यायला सुरुवात केली. पट मोडक्या टेबलाखाली होता. तिने तोंडपाठ घेतली, पाचवीपासून, एकेक नाव. मग खिडकीतून एक आवाज आला, हजर. मग दुसरा. मुले वर्गांच्या खिडक्यांना चिकटून सारे पाहत होती आणि नाव आले की रडत रडत हजर म्हणत होती. बाहेरचा मार हळूहळू थांबला, कारण प्रत्येक जण आपल्या मुलाचे नाव कधी येते ते ऐकू लागला. "जानी काकड्या वरठा." हजर. काकड्याने फावडे खाली ठेवले. टाकले नाही, हळू ठेवले, जसे शेतात ठेवतात. सरिताने शेवटच्या नावापर्यंत हजेरी पुरी केली. शाळेतले एकही मूल गेलेले नव्हते. दिपक तोवर मेला होता.

मी ज्याला शाळेचे ध्येय म्हणते ते त्या दिवशी त्या खोलीच्या जमिनीवर, एका मोडक्या हाताच्या बाईत, शाबूत होते. दुसरीकडे कुठेही नव्हते.

रुग्णालयात संगिता मला म्हणाली, "पिशवीत काय म्हणून एकानं जरी विचारलं असतं ना बाई, तर हसले असते सगळे. रोज हसतात."

कलम ५. तर्कशास्त्राचे माझे सर्व ग्रंथ काकड्या वरठा यास द्यावेत. तो तुरुंगात आहे. तुरुंगाने ग्रंथ स्वीकारले नाहीत तर तो सुटेपर्यंत ॲड. निलम यांनी सांभाळावेत. त्याला माफ करावे असे मी न्यायालयाला सांगणार नाही. मी त्याला भेटले तेव्हा तो गजांपलीकडून शांतपणे म्हणाला, "बाई, घंटा झाली. घंटा झाली की विचारायचं नाय, तुमीच सांगितलेलं." हा बचाव होत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण त्यातले विधान खरे आहे आणि खऱ्या विधानाला मी कधी शून्य गुण दिले नाहीत.

कलम ६. आता कलम २ मधली जमीन. ती सरिता लडक्या धोडी हिला, मालक म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून द्यावी. शाळा त्याच जमिनीवर चालावी. मंडळाने सरितास निलंबित केले आहे. आरोप असा: तिने परक्यांना आत घेतले आणि तिने घंटा वाजवून जमाव बोलावला, कारण नियमाप्रमाणे घंटा मुख्याध्यापकाच्या हुकुमाशिवाय वाजत नाही. ज्या बैठकीत हे ठरले तिची अध्यक्ष मी होते. सरिताने हात गळ्यात बांधलेला असताना उभे राहून सांगितले, "घंटा मी वाजवली नाय." धनेश म्हणाला, "मग कोणी? भुताने? आत्या, हे इतिवृत्तात लिहायचं का?" कोणीतरी हसले. सरिता टेबलाकडे पाहत राहिली. तिने कोणाचेही नाव घेतले नाही. निलंबनाच्या ठरावावर सही माझी आहे.

विश्वस्तासाठी अटी मोजक्या आहेत. फाटक काढावे. छडी शाळेत येऊ नये. भिंतीवरची अक्षरे पुसावीत आणि पुन्हा कोणतीही लिहू नयेत. परिपाठाचा प्रश्न चालू ठेवावा आणि विचारलेल्याने त्याच दिवशी उत्तर द्यावे. जो मुख्याध्यापक, संस्थापक किंवा अध्यक्ष सलग दोन परिपाठ उत्तर टाळील त्याचे पद त्या दिवशी संपले असे समजावे. प्रमुखाला ध्येय कसे टिकवावे याची याहून मोठी शिकवण माझ्याकडे नाही.

कलम ७. आग पुन्हा लागेल, म्हणून घंटा राहावी. ती दोन नव्या लोखंडी खांबांवर टांगावी. वाजवणाऱ्याने स्वतः तिथेच उभे राहून कोण, कुठे, काय हे ओरडून सांगावे आणि धावणाऱ्याने धावता धावता विचारावे. पाय आणि तोंड हे वेगळे अवयव आहेत. दोन्ही एकाच वेळी चालतात. सरिताने ही तालीम शुक्रीच्याच दिवशी घ्यावी.

कलम ८. जुना सागवानी खांब मुळापासून कापावा आणि माझ्या चितेवर ठेवावा. खाचेचा भाग वर असावा. त्यावर माझ्या घराण्याचा हक्क आहे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. निलम राऊत, डहाणू यांनी करावी. हाल्यास मी काहीही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला लाभ दिला तर कायदा तो लाभ ओढून घेतो. हे त्याला समजावले तेव्हा तो म्हणाला, "एक कान दिला ना शाळेला, आनखी हिशेब कशाला. सही कुठं करू?"

वरील सर्व मजकूर मी वाचला, समजला आणि तो माझ्याच इच्छेचा आहे.

नलिनी विष्णू चुरी

आमच्या दोघांच्या देखत बाईंनी वर सही केली व त्यांच्या देखत आम्ही केली.
१. हाल्या देवजी कोम, करंजपाडा
२. जीवन गोपाळ माच्छी, नरपड

स्थळ: नरपड. दिनांक: १२ मार्च २०१९.

जोडपत्र

हे माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. याची एक प्रत आजच सरिताची चौकशी करणाऱ्या समितीकडे व एक पोलिसांकडे जात आहे, आणि उद्याच्या परिपाठाला मी स्वतः करंजपाड्यास जात आहे.

शाळा पुन्हा उघडली त्या पहिल्या परिपाठाला प्रश्न विचारायला जानी काकड्या वरठा उभी राहिली. तिचा बाप तेव्हा कोठडीत होता. तिने माझ्याकडे पाहून विचारले, "बाई, त्या दिवशी घंटा कोनी मारली?"

जानी, घंटा मी मारली. दांडके उगारलेले पाहून मी घाबरले, वखारीच्या मागे गेले आणि हातोडा उचलला. सरिता दारातून ओरडली होती, "बाई, घंटा नको." मी ऐकले होते.

त्या दिवसाची अनेक कृत्ये माझी आहेत आणि त्यांना न्यायालय जे नाव देईल ते मला मान्य आहे. घाबरण्याला मी चूक म्हणत नाही. ठरावावर सही केली तो अपराध होता, कारण तो समजून केला. शाळेचे नाव आणि माझे नाव एकच आहे असे मी गृहीत धरले होते. चूक म्हणून मी एकच कबूल करते. तुझा प्रश्न झाल्यावर सारी शाळा उत्तराची वाट पाहत उभी होती, आणि मी "उद्या सांगते" म्हणाले. त्यानंतर मी शाळेत आले नाही.

नलिनी विष्णू चुरी